आठ आत, दोन बाहेर

माशेलला शाळेमागचा हॉल.
खिडक्यांना लावलेल्या गाद्या मावशीच्या घरच्या,
एकीवर अजून शाईचा डाग.
पंखा बंद, घाम चालू.
लॅपटॉप सांगतो: आत येणाऱ्या वाहिन्या आठ,
बाहेर जाणाऱ्या दोन.

फटू गावडे घुमट मांडीवर घेऊन बसलेत,
शाणू शामेळाच्या दोऱ्या ओढतोय,
कुस्टाच्या हातातलं कासाळं वाजण्याआधीच थरथरतंय.
मी माइक मोठ्यानं मोजते:
शून्य, एक, दोन…
"शून्याचेर कोण बसता गो?"
सगळे हसतात.
मी समजवायला जाते, यंत्र शून्यापासून मोजतं,
पहिला माणूस म्हणजे शून्य क्रमांकाचा.
"म्हणजे हांव?"
हो, तुम्ही.
"तरीच पंचायतीत कोणी विचारत नाही,"
म्हणत फटू पानाला चुना लावतात.

पहिल्या टेकला माझी चूक झाली.
कुठल्याशा ओळीत एक मिळवायचा राहिला
आणि सगळे एकेक जागा सरकून बसले:
शामेळ कासाळ्याच्या जागी,
कासाळं आरती म्हणणाऱ्याच्या गळ्यात,
शाणूच्या कानात त्याचा सोडून सगळ्यांचे हात.
त्यानं हेडफोन काढून आत डोकावून पाहिलं,
विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसं.

मग उशीर.
पाचशे बारा नमुन्यांची ओंजळ भरेपर्यंत
यंत्र थांबतं, मगच ओततं.
फटूंनी दोन थापा मारल्या, थबकले.
"माझ्या मागून कोण वाजवतो?"
तुम्हीच, म्हटलं. जरा मागाहून.
ओंजळ लहान केली, चौसष्ट.
आवाज तडतडून फुटायला लागला, ओल्या लाकडासारखा.
एकशे अठ्ठावीसवर तडजोड झाली.
त्या ओळीपुढे टीप लिहून ठेवली:
हा आकडा बदलू नये, फटूंना चालतो.

जेवणाआधी त्यांनी घुमट माझ्याकडे दिलं.
मातीचं, अजून कोमट.
एका अंगाला कातडं
(पूर्वी घोरपडीचं, आता बकऱ्याचं,
"बकरा जरा लाजता"),
दुसऱ्या अंगाला उघडं तोंड, तळव्यात मावेल एवढं.
उजव्या हातानं आत टाकायचं,
डाव्यानं ठरवायचं, किती बाहेर सोडायचं.
मी तळवा ठेवला. आवाज अडला.
किंचित उचलला,
आणि माझ्याच मांडीतून घूं निघाला.

दोन वर्षं मी हेच लिहितेय,
कुठली वाट उघडायची, कधी मिटायची,
आतलं थेट बाहेर गेलं तर
ती किंचाळी कशी थोपवायची.
ह्यांच्या डाव्या हाताला ते केव्हाचं येतंय.
मी बोलले नाही.
"खतखतं थंड जाता," फटू म्हणाले.

रात्री फाइल उघडली.
सातव्या वाहिनीची रेषा सपाट नव्हती.
तिथं काही जोडलेलंच नाही असं मी समजत होते;
एक माइक गादीमागे पडून राहिलेला.
त्यात स्कूटर, कुस्टाची कुजबुज
पोरीच्या दुबईच्या तिकिटाबद्दल,
पोदेराचा भोंगा, दोनदा,
आणि खूप मागे, जाड कापसातून,
घुमट शामेळ कासाळं सगळं एकत्र,
रस्त्यावर उभ्या माणसाला ऐकू यावं तसं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये एक अट आहे:
पातळी उंबरठ्याखाली गेली
की ती वाहिनी मिटवून टाकावी.
कर्सर त्या ओळीवर बराच वेळ लुकलुकला.
मी उंबरठा खाली आणला. थोडासाच.

दुसऱ्या दिवशी फटूंनी पूर्ण ऐकलं, डोळे मिटून.
आरती संपता संपता
एक कान उघडा करत, दाराकडे बघत
खिशातली सुटी नाणी चाचपली.
"पोदेर गेलो काय गो?"