इतर

पांझरेच्या फरशीपुलाशी, धुळ्यात,
मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलंय.
गळ्यात ओळखपत्र, मांडीवर फळी,
फळीच्या चिमट्यात दहा रकाने
आणि अकरावा: इतर.

नदीकाठ नवा होणार आहे.
दोन्ही तीरांना चोवीस मीटरचे रस्ते,
सहाशे गाड्यांचा तळ,
आणि एक झुलता पूल, ज्यावर माणसं नुसती चालतील,
कुठेही न जाता.
त्याआधी मोजायचं, आज कोण कुठे जातं.

गिरासे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
सगळं मोटारीत बदलायचं.
दुचाकी म्हणजे अर्धी मोटार.
ट्रक म्हणजे तीन.
बैलगाडी म्हणजे आठ.
आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.
अडवते ना रस्ता, म्हणाल्या, म्हणून आठ.
आणि पायी माणूस?
त्याची वही वेगळी.
ती अजून छापून आलेली नाही.

सकाळी सहा चाळीसला सुपडू बेलदार
रेतीची गाढवं घेऊन उतरला. नऊ.
गाढवाला गुणक नाही.
फॉर्ममधला पहिला प्रश्न मी त्याच्याच बोलीत विचारला,
कथा चालना, भो?
त्यानं पुढे हात केला:
त्यास्ले इचार. मी मांगे मांगे जास.

जमनाबाई परीट दिवसात अकरा वेळा ओलांडते,
जाताना कोरडं गाठोडं, येताना ओलं, दुप्पट जड.
प्रवासाचा हेतू: काम, शिक्षण, खरेदी, मनोरंजन.
मनोरंजन लिही, म्हणाली, आणि पाण्याकडे वळली.
नियाज लूमवरून रात्रपाळी संपवून येतो
चेन तुटलेली सायकल हातात धरून.
आता ही सायकल, की पायी माणूस?
मी पाव लिहिलं. मग खोडलं.

पोळ्यानंतरच्या चौथ्या रात्री
वरच्या धरणाचे दरवाजे उघडले.
भोंगा झाला. हवालदारानं दोरी बांधली,
खुर्ची उचलून चढावर ठेव म्हणाला.
पाणी बघायला उखाबाबा आले, हातात बॅटरी.
चाळीस वर्षं वर फडावर पाटकरी होते;
कुणाच्या शेताला किती वेळ पाणी,
हे वहीशिवाय, भांडणाशिवाय.
भांडणाशिवाय म्हणजे, त्यांच्या सांगण्यानुसार.
आता लेकीकडे असतात, पुलाजवळच.
मी त्यांना नकाशा दाखवला.
बॅटरी काठाकाठानं फिरली, रस्त्यावर थांबली.
पानी कथाईन जाई?
मी म्हटलं, मधून. हे निळं दिसतं ना, हे.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग बॅटरी विझवून म्हणाले,
पानीले बी रस्ता लागस. तिले इचारं का?

तीन पंचेचाळीस. फरशी दिसेना.
नियम असा, की दर पंधरा मिनिटांना आकडा हवाच,
काही गेलं नाही तर शून्य.
दहा रकान्यांत दहा शून्यं मांडली.
अकराव्यात लिहिलं: नदी, एक.
कुठून: पिंपळनेरकडून.
कुठे: तापीला.
हेतू चारांतला एकही बसेना, कोरा सोडला.
उजेडाची वाट बघत बसलो,
पायाशी पाण्याचा वास, ओल्या गोणपाटासारखा.

आठवड्यानं फॉर्म परत आला.
लाल पेन्सिलीनं विचारलेलं: गुणक?
आणि खाली, त्याच अक्षरात, पण साध्या शिसपेन्सिलीनं, पुसट:
आपल्या रस्त्याच्या कितव्या खुंटापर्यंत? कळवा.

खुंट मी त्याच सकाळी पाहिले होते.
पहिले पाच जागेवर नव्हते.
सहाव्याचा लाल रंग अजून ओला होता,
त्याला कुणाचंसं फडकं अडकलेलं,
आणि पलीकडच्या तीरावर नऊ गाढवं
फरशी वर यायची वाट बघत उभी.

मी कळवलं: सहावा.