प्रश्न सतरावा

सावद्याच्या वाचनालयात दरवर्षी सामान्य ज्ञानाची स्पर्धा असते,
आणि प्रश्न मी काढतो.
पन्नास प्रश्न, पन्नास गुण, खुला गट, एक तास.
पोस्टातून निवृत्त झालो तेव्हापासून हेच.
जन्मभर दुसऱ्यांचे कागद खिडकीतून पुढे सरकवले,
आता सरकवतो माझे.

बोलपट कोणत्या साली बोलू लागला.
जुनी तबकडी मिनिटाला किती फेरे घ्यायची.
रेडिओ ऐकायला परवाना लागायचा, त्याचे पैसे कुठे भरायचे.
(आमच्याच खिडकीत. हे कधीच कुणाला येत नाही.)

सतरावा मात्र गावचा :
फर्माइशीच्या कार्यक्रमात नाव आलेली
सावद्याची पहिली व्यक्ती कोण?
उत्तरसूचीत, माझ्याच अक्षरात :
लीलाधर बोंडे.

त्या रात्री सुपडूच्या सायकल दुकानासमोर
सेलवरचा ट्रान्झिस्टर स्टुलावर, आणि अर्धा गाव उभा.
निवेदिकेनं गावाचं नाव घेतलं, चुकीचं घेतलं, सावडा म्हणाली,
पुढे लीलाधर बोंडे.
"आयकलं का भो! आपलं गाव बोललं!"
सुपडूनं पंक्चरच्या घमेल्यात पाना टाकून दिला आनंदात.
गाणं कुणी ऐकलंच नाही.

लीलाधर, केळीचा दलाल,
तेव्हा स्टेशनावर वॅगनी भरत होता.
सकाळी परतला तो थेट हारात.
पहिल्यांदा म्हणाला, मी नाही भो.
दुसऱ्यांदा नुसता हसला.
तिसऱ्यांदा, गाणं कोणतं होतं
तेवढं हळूच विचारून घेतलं.
गेला तेव्हा गावच्या फलकावर फोटोखाली हेच होतं :
आकाशवाणीवर गावाचं नाव नेणारे.
मीही उभा होतो तिथं, टोपी हातात.

शिक्का मी मारायचो.
पोस्टकार्ड वाचायचं नसतं, हा नियम;
ते उघडंच असतं, ही अडचण.
दर सोमवारी पेटीत एक कार्ड,
निळी शाई, 'ल'चा पाय ओळीखाली लांब ओढलेला,
कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकून थांबावं तसा.
गाणं दर वेळी वेगळं, गायक तोच.
खाली सही : लीला,
मग केसाएवढी फट,
मग धर.
बोंडे गुरुजींना मुलगा नव्हता, हे गावाला ठाऊक होतं.
गुरुजींची मुलगी अकरावीला होती, हेही.
दोन्ही एकत्र कुणी वाचलं नाही.
मी वाचलं, आणि थैलीत टाकलं.

यंदा बैठक क्रमांक एकतीस :
लीलाबाई सरोदे, फैजपूर, वय बाहत्तर,
बसायला घरची उशी घेऊन आलेल्या.
रात्री पेपर तपासले.
बोलपट बरोबर. तबकडी बरोबर.
परवान्याचे पैसेसुद्धा बरोबर,
पुढे कंसात : 'डावीकडची खिडकी.'
सतराव्याच्या रेघेवर :
'उत्तर येतं. लिहीत नाही.'
'ल'चा पाय खालच्या अठराव्या प्रश्नात शिरलेला.

येण्याला गुण असतो की लिहिण्याला,
हे समितीच्या नियमांत नाही.
लाल पेन उघडलं, बंद केलं, चहा गार झाला.
चिनावलच्या एका पोरानं, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या,
पाठ केल्यासारखं लिहिलं होतं : लीलाधर बोंडे.
सूचीप्रमाणे बरोबर. सूची माझी.
त्याला पन्नास.
बाईंना एकोणपन्नास, दुसरा नंबर, थर्मास.

स्टेजवर थर्मास घेताना
त्या माइकपासून जरा सरकल्या.
"शिक्का तुम्हीच मारायचे ना?"
हो म्हणालो.
"कार्डं सारी जायची?"
सारी, म्हणालो, एकही राहिलं नाही.
"मंग एकदाच काहून नाव घेतलं?"

मागून फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.
मी बघितलं.
त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावल्या,
वास घेतला,
आणि फिरवून फिरवून घट्ट बंद केलं.