दोन मजले वर

डंडीत डिसेंबरचा अंधार साडेतीनलाच येऊन बसतो.
खिडकीतली टे नदी आधी करडी, मग नाहीच.
मी स्क्रीनवर एक झाड उघडून बसलेय,
मूळ वर, पानं खाली.
याला झाड का म्हणतात कुणास ठाऊक,
मला तर हे लोंबकळणारं वटवाघूळ दिसतं.

प्रश्न साधाच होता, रक्तपेढीचा:
असे दाते दाखव, ज्यांनी
आपल्या गावच्या शेवटच्या शिबिरानंतर
एकदाही रक्त दिलेलं नाही.
माणसाला एका श्वासात कळतं.
यंत्राला आधी फोडावं लागतं.

आठवीत वाक्यपृथक्करण असायचं.
सबनीस बाई फळ्यावर रेघा ओढायच्या,
उद्देश्य इकडे, विधेय तिकडे,
आणि 'जो' दिसला की खडू थांबायचा.
आता याचा 'तो' शोधा.
'तो' सापडल्याशिवाय 'जो'ला जेवण नाही.

इथेही तेच.
प्रत्येक शब्दाची एक पेटी, पेटीत खाने:
कितवा तक्ता, कितवा स्तंभ, आकडा की अक्षर,
आणि कोपऱ्यात एक बारीक संख्या, बहुतेकदा शून्य:
तुझा मालक किती मजले वर राहतो.
शून्य म्हणजे इथलाच.
एक म्हणजे बाहेरच्या वाक्यातला.
'आपल्या गावच्या' यातल्या 'आपल्या'चा आकडा दोन.
दोन मजले चढायचे, दार वाजवायचं,
विचारायचं, कुणाचं गाव?

तीन दिवस झाले, हे कोसळतंय.
आकडा म्हणतो दोन,
आणि इमारतीला वर मजलाच एक.

एल्स्पेथ किनिअरनं या पेट्या लिहिल्या
तेव्हा मी दुसरीत होते.
येत्या शुक्रवारी ती निवृत्त होतेय.
थर्मासातला काळा चहा झाकणात ओतत म्हणाली,
काय बदललंस?
मी म्हटलं, वेग वाढवला.
मधलं गौण वाक्य नावालाच होतं,
काढून टाकलं, त्यातली माणसं वर घेतली.
आणि आतल्यांना सांगितलंस?

नव्हतं सांगितलं.
मजला पाडला, सामान नीट वर चढवलं,
पण तळातल्या त्या एका शब्दाला
कुणी कळवलंच नाही.
तो आपला इमानानं दोन जिने चढतोय,
दुसऱ्या जिन्याच्या जागी नुसता वारा.

माझ्या बिल्ल्यावर हेमांगी चिकोडीकर, एवढंच.
मधल्या 'वामन'ला इथल्या नोंदणीत खाना नव्हता.
आप्पा मार्चमध्ये गेले.
भावानं वारसाचे अर्ज पाठवले, त्यांवर
ते नाव मी सात ठिकाणी लिहिलं.
आठव्या ठिकाणी 'हयात / मयत' असं होतं,
तिथं मी फॉर्म मिटून भांडी घासायला गेले.

दुरुस्ती एका ओळीची निघाली: वजा एक.
पण सरसकट नाही.
ज्यांचं बोट पाडलेल्या मजल्याच्या पलीकडे आहे, त्यांनाच.
जे आपापल्या खोलीत शून्यावर बसलेत
त्यांना हात लावायचा नाही,
शून्यातून एक गेला की उरतं ते तळघर,
आणि तळघर आपण बांधलेलंच नाही.

पाच वाजता नावं आली.
फॉर्फरचे सहा. माँट्रोझचा एक, गेली चार वर्षं गैरहजर.
दोनशे चौदा माणसं, सगळी आपापल्या गावात.
एल्स्पेथ काही बोलली नाही, झाकण धुऊन आली.

मी वर टिपण लिहिलं:
मजला काढलात तर आतल्यांना कळवा.
खाली सही, आणि का कोण जाणे
मध्ये एक अक्षर जास्त पडलं, डब्ल्यू.
आप्पा वामन डब्ल्यूनंच लिहायचे, व्हीवर त्यांचा राग होता.

एल्स्पेथनं चष्मा कपाळावर सरकवला.
हा डब्ल्यू कुणाचा?
आर्ब्रोथची बस सुटायला सहा मिनिटं होती.
मी म्हटलं, कोट घाल,
चालता चालता सांगते.