गुरुवारचा आकडा

गुरुवारी सकाळी आकडा यायचा.
मढच्या त्या भाड्याच्या बंगल्यात
आमची कुमुद अकरा वर्षं एकाच ओट्यापाशी उभी होती.
ओट्यावरचे डबे रिकामे,
एकात वाळू, उचलताना हाताला वजन दिसावं म्हणून.
आकडा आला की चहावाला विनूसुद्धा विचारायचा, किती?

मी संवाद लिहायचे.
गोष्ट माझी नसायची. ती ओशिवऱ्याहून यायची,
कुणाच्या तरी पांढऱ्या फळ्यावरून,
आणि फळ्यासमोरचं माणूस तीनदा बदललं.

पहिल्या गुप्तेबाई, विद्युल्लता गुप्ते.
पहिल्या आठवड्यात त्यांनी काहीच घडवलं नाही.
कुमुद वाल सोलत बसली, सात मिनिटं.
सासू म्हणाली, "बिरडं करणार का?"
कुमुद म्हणाली, "बघू."
चॅनेलचा पोरगा घाम पुसत म्हणाला, मॅडम, यात भांडण कुठाय?
"त्या 'बघू'त आहे की," बाई म्हणाल्या
आणि पानाचा डबा उघडला.
एक पॉइंट दोन.
मग एक पॉइंट नऊ.
दिवाळीत तीन.

मला म्हणाल्या होत्या:
दीड वाजता बाईचे हात ओले असतात.
ती बघत नाही, ऐकते.
थोड्या वेळानं तिचा डोळा लागतो, टीव्ही चालूच राहतो.
पेटीवर तिचं बटण दाबलेलं,
म्हणजे झोपलेलीही मोजली जाते.
तिच्यासाठी लिही.
आवाज चढवू नकोस.

मग सत्यवान आरोलकर.
"झोपलेली? उठव तिला!"
त्यानं उठवली.
भर मांडवात पोलीस, जिन्यावरून गडगडणारी जाऊ,
कुमुदची जुळी बहीण, तीही नेमकी विषारी,
आणि एका वाक्यावर तीनदा वीज.
सासूबाईंचं मानधन वाढलं होतं,
त्यांना त्यानं काशीला पाठवून नावेतून बुडवलं.
चार पॉइंट सहा!
पेढे आले. नव्वद दिवसांची थकबाकी एका दुपारी मिळाली.
खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली.
बुडण्याचे संवाद मीच लिहिले,
रात्री दोनला, हसत.

पण आज सिंह दाखवला की उद्या दोन लागतात,
परवा सिंहाला शिंगं.
आकडा उतरला तो कुणाला न सांगता उतरला,
जसा भाडेकरू रात्री सामान हलवतो.
एक पॉइंट एकला आरोलकर सिनेमाकडे गेला.

रिझवान मुकादम आला तेव्हा
त्यानं तीन आठवडे नुसत्या जुन्या संहिता वाचल्या,
चहात खारी बुडवत, चष्मा कपाळावर.
मग पहिला प्रश्न विचारला:
"ते वाल कुठे गेले?"

सासूला परत आणता येईना, ती दुसऱ्या मालिकेत सासू झाली होती.
त्यानं तिची खुर्ची तेवढी ठेवली.
कुमुदनं खुर्चीकडे बघून विचारलं, "बिरडं करू का?"
उत्तर कोण देणार.
मी तिथे चार ओळी लिहून दिल्या होत्या,
त्यानं चारही खोडल्या
आणि लिहिलं: कुकरची शिट्टी.

दोन पॉइंट तीन.
पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही.
वर जाईना, खाली येईना,
अंगणात बसलेल्या म्हशीसारखा.
चॅनेलला चार हवे होते.
अठरा दिवसांची मुदत मिळाली.

शेवटच्या आठवड्याचा आकडा आला
तेव्हा बंगल्यात भिंती उतरवत होते.
विनूनं डब्यातली वाळू दारातल्या कुंडीत ओतली.
कुणीच विचारलं नाही, किती.

दुपारी मी दहिसरला फोन लावला.
गुप्तेबाईंनी बऱ्याच वेळानं उचलला.
"आडवी झाले होते गं," म्हणाल्या,
"टीव्हीवर काहीतरी भलताच आवाज आला,
दचकून जाग आली."
मग जरा थांबून, "किती?"

मी सांगितलं.
पलीकडे बराच वेळ
नळ वाहत होता.