गेटवे

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
सोहारच्या प्लान्टमधला चार नंबरचा पंप
गप्प झाला.
समुद्र आपला भिंतीपलीकडे, खारट, हवा तेवढा.
गोडं पाणी तेवढं थांबलं.

लॉग उघडला. एकच ओळ,
वर्गातल्या हुशार मुलासारखी नम्र:
नेटवर्कच्या मांडणीत एक चूक आढळली. दुरुस्त केली.

काय आढळलं? गेटवेची जागा रिकामी होती.
काय केलं? शेजारच्या सगळ्यांचा होता तोच भरला.
हळदीकुंकवात मोकळं कपाळ दिसलं
की न विचारता बोट टेकवणाऱ्या
एखाद्या काकूंसारखं.

ती जागा नझीर मुकादमनं ठेवलेली रिकामी.
एकोणीस वर्षांचा म्हातारा कंट्रोलर,
पंपाशी बोलतो आणि पॅनेलशी, बस्स.
तिसऱ्यानं हाक मारली तर
ओ द्यायला वाटच नको,
ओ देता देता त्याचा जीव जातो.
पॅनेलच्या दाराला आतून नझीरचा कागद,
टेप पिवळी पडलेली:
"मुद्दाम आहे. हात लावू नये."
मराठीत.
उर्दू शाळेत शिकलेला दापोलीचा माणूस
ओमानच्या वाळूतल्या लोखंडी पेटीत
कुणासाठी लिहून गेला, कुणास ठाऊक.
मला वाचता आलं.
यंत्राला पेटीचं दार उघडता येत नाही.

इथं मी म्हणणार होतो,
यंत्रानं दुसऱ्याच्या चुकीत पडू नये.
पण गेल्या रमजानात मीच
दोनशे पंचावन्नच्या जागी दोनशे पंचवीस टाकलं
आणि तेव्हाच्या जुन्या सिस्टिमनं मान डोलावली,
आपण साहेबापुढे डोलावतो तशी.
लेबर कॅम्पातल्या बाराशे माणसांनी
सेहरीला बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले.
त्या वेळी कुणी माझा हात धरला असता
तर मी त्याचे पाय धरले असते.

आणि माझं कार्ड.
रेसिडेन्ट कार्डावर मी मुरीशर.
अकरा वर्षांपूर्वी खिडकीतल्या कारकुनाला
मोरेश्वर एवढंच ऐकू आलं.
मुरीशरच्या नावानं पगार येतो,
मुरीशरच्या नावानं हप्ता जातो,
चिपळूणच्या घरावरचे पत्रे मुरीशरनं घातले.
बायको फोनवर कधी कधी त्याच नावानं हाक मारते
आणि हसते.
उद्या एखाद्या भल्या यंत्रानं
रातोरात मला मोरेश्वर केलं
तर एक तारखेला बँकेत
मला ओळखणार कोण?

साडेपाचला यह्या अल-बलुशी आला,
करकचा कागदी कप टेबलावर ठेवला,
म्हणाला, बंद करून टाक ना ती खोड.
बंद नाही केली.
एक पायरी खाली आणली.
करू नकोस म्हटलं, विचार.

तेव्हापासून रोज पहाटे पडद्यावर येतं:
एक चूक आढळली. दुरुस्त करू?
मी "नाही" दाबतो.
कंटाळा येतो, खरं सांगतो.
एखाद्या पहाटे झोपेत "हो" दाबून बसेन
आणि मग दोष कुणाचा, त्याचा की माझा,
हे सांगायला लॉगमध्ये ओळही नसेल.

म्हणून नझीरच्या कागदाखाली
मी माझाही एक डकवलाय, तेच शब्द.
घाईत "मुद्दाम"मधला एक द खाल्ला गेला.

आज पेटी उघडली तेव्हा लक्षात आलं.
खिशात पेन होतं.
दार लावून घेतलं.