पान नऊ, ओळ चार

नव्या लॅपटॉपला आज हळू चालायला शिकवलं.
एका छोट्या खिडकीत कोंडलं त्याला,
सांगितलं, तू शहाण्णव सालचा आहेस,
तुला नेट नाही, माऊस नाही,
फक्त काळा पडदा, एक सी, दोन टिंबं
आणि लुकलुकणारी रेघ.

ऐकेना. विमान धावपट्टी सोडायच्या आधीच
पलीकडच्या डोंगरात.
मग सायकल्स उतरवत गेलो,
वीस हजार, आठ, तीन,
उतारावर भरली गाडी कासरा खेचत आणावी तसं.
तेव्हा कुठे ते थांबलं
आणि विचारलं:
पान नऊ, ओळ चार, शब्द दुसरा?

पुस्तक आमच्याकडे तेव्हाही नव्हतं.
गणपती पेठेत, सायकलच्या दुकानावर
टाकळीकर सरांचा क्लास.
चपला बाहेर, पाय पुसून आत.
एसी यंत्रांसाठी. आमचा नंबर येईपर्यंत
आम्ही जिन्यात, घामाघूम.
फ्लॉपी मिरजेहून आलेली, तिसऱ्या हाताची,
कागदी पाकिटावर सरांना फसवायला लिहिलेलं:
जमाखर्च, सराव दोन.
तीन चुका झाल्या की गेम दाराबाहेर काढायचा,
सरांसारखाच, न ओरडता.

भूपाल मगदूमने दोनशे पानी वही घातली.
शाळेच्या लायब्ररीत विमानांचं एक इंग्रजी मासिक होतं,
त्यातला एकेक शब्द उचलायचा, घालून बघायचा.
लागला तर हिरवी शाई. नाही तर काट.
दोन मे महिने गेले त्यात.
अर्थ कुणी बघितलाच नाही,
दार उघडत होतं ना.

त्याचे वडील रुमालाखाली बोटं दाबून
हळदीचा भाव ठरवायचे म्हणे.
मला आता वाटतं, ती वही तिथूनच आली.
पाचच्या पुरात तिचा लगदा झाला.

फोन लावला. यार्डात सौदा चालू,
मागे कुणीतरी आकडे ओरडत होतं.
"पान नऊ, ओळ चार."
कसा आहेस, पोरं काय करतात, काही नाही.
एक पोतं पाठीवरून उतरेल एवढा वेळ गेला.
"शब्द कितवा?"
"दुसरा."
"हॉरायझन. झेड घाल हां,
जी घालून एकदा हरलोय आपण."

उघडलं.
स्पीकर चिरकला, तस्साच.
"फोन जवळ धर," म्हणाला. धरला.
आणि मग, पंचेचाळिशी गाठल्यावर, त्याने विचारलं,
"अर्थ काय रे त्याचा?"
सांगितला.
"हात्तिच्या! ती आडवी रेघ होय?
तिच्याखाली नाक गेलं की मरायचो आपण."

पुढच्या ढिगाची पोती फोडत होते, त्याने ठेवला.
इकडे सोळा रंगांतलं आभाळ
एका अंगावर कललेलं.
मी बाणाची की दाबून धरली.
रेघ थोडी खाली सरकली.