ताटांची वही

वर्षभर आधीच कोनफळं लावून ठेवली होती आम्ही.
डुकरं पाळली, पण त्यांना नावं दिली नाहीत;
नाव दिलं की कापताना हात अडखळतो.
या खेपेला साऱ्या देशाची मंडळी आमच्या टोंगोआवर:
होडीनं, मालवाहू बोटीनं, ओल्या चपला हातात घेऊन,
आणि काहीजण त्या टीचभर विमानातून
ज्यात चढण्याआधी पाळकालाही वजनकाट्यावर उभं करतात.

माझ्या वाट्याला ताटं आली.
घरोघरी मागून आणलेली, दोनशे बारा.
प्रत्येकीनं बुडाला नेलपॉलिशची खूण केलेली:
लेईवियाची लाल रेघ,
लेईपाकोआचे दोन ठिपके,
पाळकीणबाईंचं तर आख्खं नाव, सोनेरी.
शाळेच्या वहीत मी सगळं उतरवून घेतलं,
जणू शेवटच्या दिवशी हीच वही उघडणार आहे
आणि कुणी एकेक नाव पुकारणार आहे.

पहाटे चारला दगड तापायला टाकायचे.
खवणीवर बसून नारळ, नारळ, नारळ.
कोनफळाचा कीस केळीच्या पानात बांधायचा,
वर तापले दगड, वर पुन्हा पानं.
घंटा म्हणजे गॅसची रिकामी टाकी;
काल्माताकचा धाकटा तिच्यावर पाना हाणायचा
आणि उपासनेला निघालेले लोक
आमच्या धुरातून खोकत, हसत जायचे.

आत चौदावा ठराव अडकला होता.
मंडळीची नवी बोट उत्तरेला ठेवायची की दक्षिणेला.
भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.
तान्नाचे नाकोऊ वडील बोलायला उठले
की आम्ही भात चढवायचो;
ते बसेपर्यंत तो शिजलेला असायचा.
मग सांतोचे मोलिसा उठायचे.
मग आम्ही भाजी चढवायचो.
प्रार्थनेत दोघं एकाच बाकावर,
मधे एका माणसाची जागा मोकळी.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीचा नळ खाकरला
आणि गप्प झाला.
ताटं चिकट, पोरं चिकट, चहाला पाणी नाही.
लेईविया पदराला हात पुसावा तसे झग्याला पुसत
सरळ सभेत शिरली.
म्हणाली, बोट नंतर. आधी बादल्या.

शाळेच्या टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत रांग लागली,
कोट काढून ठेवलेली, बाह्या सारलेली.
मॉडरेटर सगळ्यात पुढे, कारण तेच उंच.
नाकोऊंच्या शेजारी मोलिसा कसे आले
कुणी आणून उभं केलं नाही, रांगच तशी पडली.
धर.
सोड.
धर.
तासभर एवढंच बोलले दोघं.
पायांवर सांडलं बरंच.

नाही, ठराव मंजूर झाला नाही.
समिती नेमली, नेमतात तशी.
पण त्या रात्री जनरेटर बंद पडला,
ताटं पुरेनात, टॉर्च एकच,
आणि मी पाहिलं: एका ताटात दोन म्हातारे,
डुकराचा चांगला तुकडा
हा त्याच्याकडे सरकवतोय, तो याच्याकडे,
शेवटी तो कुत्र्यानं नेला.

सोमवारी सगळे गेले.
धक्क्यावर इतकी रडारड की बोटवाला वैतागला.
मी मागे राहून मोजायला बसले.
दोनशे बारा.
हिशेब जुळला, असं मी लिहिणारच होते.
मग पाहिलं तर सोनेरी नाव त्यात नाही,
आणि एक आहे कुणाचंच नसलेलं:
बुडाला खिळ्यानं कोरलेलं होडीसारखं काहीतरी,
काठ एका जागी चेपलेला.

पाळकीणबाईंना सांगायला गेले तर म्हणाल्या,
असू दे, कुठल्यातरी बेटावर
माझं नाव जेवतं आहे.

ते होडीचं ताट माझ्याकडेच आहे.
चेपलेल्या जागी भाताची शितं अडकतात,
बोटानं काढावी लागतात.
आणि हो, एका डुकराला मी नाव दिलं होतं.
ते वहीत नाही.